चित्र कॅमेऱ्याचे, आवाज कोणाचा?

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सहाच्या सुमारास उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलायचे, तर आवाज चढवावाच लागतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता येथे येऊन मिळतात, डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि पुलाखालच्या गर्दीत रिक्षा, बस, मालट्रक यांचे भोंगे एकमेकांवर कुरघोडी करीत असतात. तरीही चहाच्या टपरीवर दोन माणसे निवांत गप्पा मारताना दिसतात. त्यांना एकमेकांचे शब्द कळतात, कारण माणसाचा कान एकटा काम करीत नाही. त्याच्या मागे मेंदू असतो आणि तो नको असलेला आवाज बाजूला सारत राहतो. माइकला मेंदू नसतो. त्याच टपरीवर कॅमेरा लावून एखाद्याची मुलाखत घ्यावी आणि घरी येऊन ऐकावी, म्हणजे हा फरक लख्खपणे उमगतो. चित्र उत्तम असते, चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती दिसते, आणि शब्द मात्र भोंग्यांच्या गाळात रुतलेले असतात.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलपर्यंतचा आवाज मान्य आहे. साधे संभाषण एक मीटर अंतरावर साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे सर्व वाहनचालकांनी नियम तंतोतंत पाळले, तरीही रस्ता बोलणाऱ्यापेक्षा मोठ्यानेच बोलणार. लग्नसमारंभाचे चित्रण करणारे व्यावसायिक, वार्तापट तयार करणारे तरुण, महाविद्यालयातील लघुपटकार या साऱ्यांना कधी ना कधी हे गणित आडवे येते. मग शोध सुरू होतो तो स्वतंत्र, हातात मावणाऱ्या डिजिटल ध्वनिमुद्रकाचा.

कॅमेऱ्यातच माइक असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडेसे इतिहासात आहे. २००८ मध्ये निकॉन डी ९० आणि कॅनन ५ डी मार्क टू हे छायाचित्रणाचे कॅमेरे चलच्चित्रही टिपू लागले आणि चित्रपटासारखे चित्र सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात आले. आवाजाच्या बाबतीत मात्र हे कॅमेरे अगदीच बेफिकीर होते. ५ डी मार्क टूमध्ये आवाजाची पातळी हाताने ठरविण्याची सोय २०१० च्या मार्चमधील सुधारणेनंतर आली आणि हेडफोन जोडायला जागा तर नव्हतीच. काय मुद्रित होते आहे, हे ऐकण्याचा मार्गच नाही! झूमचा एच ४ एन हा ध्वनिमुद्रक नेमका २००९ मध्ये बाजारात आला आणि जगभरच्या लघुपटकारांच्या पिशवीत जाऊन बसला, तो याच कारणाने. पुढे कॅमेरे सुधारले, तरी दोन उणिवा बऱ्याच कॅमेऱ्यांत राहिल्या. माइककडून येणारा क्षीण संकेत मोठा करणारा विद्युतभाग, म्हणजे पूर्ववर्धक, त्यात बेताचाच असतो. दुसरे म्हणजे, कॅमेरा जिथे चित्र चांगले दिसते तिथे उभा असतो. आवाज चांगला येतो ती जागा बहुधा निराळी असते.

चित्र आणि आवाज यांचा हा वेगळा संसार नाशिकला नवा नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणल्यानंतर आपले काम नाशिकला हलविले. त्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट १९३२ चा. तोवर ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले होते. परिणामी मूक म्हणून चित्रित झालेल्या त्या चित्रपटाला आवाज नंतर जोडावा लागला. चित्रणाच्या वेळी न टिपलेला आवाज मागाहून आणणे किती जड जाते, याचा हा आपल्याकडचा फार जुना दाखला म्हणता येईल. पुढे स्टीफन कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नाग्रा नावाचा खांद्याला लटकविता येणारा टेपरेकॉर्डर तयार केला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा आहे. पुढची काही दशके जगातील चित्रपटांचा आवाज याच यंत्राने टिपला. हिंदीत मात्र स्टुडिओत नंतर संवाद भरण्याचीच रीत राहिली. २००१ च्या ‘लगान’मध्ये नकुल कामते यांनी चित्रणस्थळीच संवाद मुद्रित केले, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. नाग्राचे काम आज पेन्सिल सेलवर चालणारे, तळहाताएवढे यंत्र करते.

यंत्राआधी अंतर

दुकानात गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते मॉडेल घेऊ?’ हा. खरे पाहता पहिला प्रश्न माइक कुठे ठेवणार, हा असायला हवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. कॅमेऱ्यावरचा माइक बोलणाऱ्यापासून तीन मीटरवर असेल आणि तोच तीस सेंटिमीटरवर आणला, तर वीस डेसिबलचा लाभ होतो. भोवतालचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. द्वारकेच्या चौकातली मुलाखत सुधारायची असेल, तर सर्वांत महागडे यंत्र तीन मीटरवर ठेवण्यापेक्षा सर्वांत स्वस्त यंत्र बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्याला कॉलर माइक लावणे केव्हाही बरे.

लांबट, एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकविषयीही बराच भ्रम आहे. हा माइक दुर्बिणीसारखा दूरचा आवाज ओढून आणतो, अशी समजूत असते. तो तसे काही करीत नाही. बाजूचे आवाज थोडे दाबतो, इतकेच. त्यातही ट्रकची घरघर किंवा पुलाच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचे धपधप असे खालच्या पट्टीतले आवाज त्याला फारसे दाबता येत नाहीत. त्यासाठी बहुतेक ध्वनिमुद्रकांत खालच्या पट्टीला कात्री लावणारी सोय असते. ८० हर्ट्झच्या आसपास ती लावली, तर माणसाच्या बोलण्याला धक्का न लागता घरघर कमी होते. द्वारकेला ही कळ दाबावी. मात्र त्याच संध्याकाळी ढोलपथकाचे चित्रण करायचे असेल, तर ती आठवणीने उघडावी. ढोलाचा ठोका याच खालच्या पट्टीत राहतो आणि कळ तशीच राहिली, तर ढोलाऐवजी पत्र्याचा डबा वाजल्यासारखे ऐकू येते.

अशा रीतीने कामाचे स्वरूप ठरले, की यंत्राची निवड निम्मी आपोआप होते. एकाच माणसाला बोलते करायचे असेल, तर टॅस्कॅम डीआर १० एलसारखा खिशात मावणारा, कॉलर माइकसह येणारा ध्वनिमुद्रक पुरतो. दोन व्यावसायिक माइक जोडायचे असतील, तर तीन टाचांच्या जाड जोडणीची, म्हणजे एक्सएलआरची, दोन तोंडे आणि माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा करण्याची सोय हवी. चर्चासत्र किंवा कीर्तन असेल, तर तोंडे चार लागतात. कीर्तनकार, टाळकरी, पखवाज आणि पेटी यांना एकाच माइकवर सोपविले, तर नंतर त्यांतले काहीच वेगळे करता येत नाही. यंत्राच्या डोक्यावर बसविलेले दोन छोटे माइक भजन, मिरवणूक, पावसाचा आवाज अशा वातावरणासाठी झकास असतात. मुलाखतीसाठी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे, कारण यंत्र हातात धरले की बोटांची कुरकुरही त्यात शिरते.

‘सूं’ कुठून येते?

शांत खोलीत, हळू बोलणाऱ्या आजीबाईंचे शब्द टिपताना गेन वाढविला, की पार्श्वभूमीवर ‘सूं’ असा बारीक आवाज येऊ लागतो. ही बहुधा पूर्ववर्धकाची देणगी असते. यंत्राच्या माहितीपत्रकात त्यासाठी एक आकडा दिलेला असतो. हाती धरायच्या मध्यम किमतीच्या यंत्रांत तो उणे १२० डेसिबलच्या घरात, तर झूम एफ ३ सारख्या यंत्रात उणे १२७ च्या आसपास आढळतो. उणे चिन्हापुढचा आकडा जितका मोठा, तितकी शांतता अधिक. सात डेसिबलचा हा फरक चौकात कोणालाही कळणार नाही. तिथे रस्त्याचा आवाजच सारे झाकून टाकतो. अंजनेरीच्या पायथ्याशी पहाटे पक्ष्यांचे आवाज टिपायचे असतील, तर मात्र तोच फरक जीवघेणा ठरतो. ज्याला केवळ गर्दीतली कामे करायची आहेत त्याने या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, आणि ज्याला लोकगीते, मौखिक इतिहास, निसर्गध्वनी यांत रस आहे त्याने इथे काटकसर करू नये.

कमी संवेदनशील माइक ‘सूं’ आणखी वाढवितो. त्यामुळे अंदाजपत्रकातला मोठा वाटा यंत्राला देऊन उरलेल्या शेकड्यांत माइक घेण्याची सवय चुकीची आहे. निम्मी रक्कम माइक, तारा, वाऱ्याचे कवच आणि हेडफोन यांच्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. माइक पंधरा-वीस वर्षे टिकतो. यंत्राचे मॉडेल चार-पाच वर्षांत जुने होते.

ढोल आणि बत्तीस बिट

नाशिकचा ढोल ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला ध्वनिमुद्रकाची खरी परीक्षा कुठे होते हे सांगायला नको. पथक उभे राहून सूचना ऐकत असते तेव्हा कुजबुज, आणि पहिला ठोका पडतो तेव्हा छातीत धडकी. कुजबुजीसाठी ठेवलेल्या गेनवर ठोका आला, की आवाज फाटतो. डिजिटल यंत्रात फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही; लाटेचा माथाच कापला गेलेला असतो.

यावर जुना उपाय म्हणजे गेन कमी ठेवणे. १६ बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातले अंतर सिद्धांततः ९६ डेसिबल, तर २४ बिटमध्ये १४४ डेसिबल असते. त्यामुळे २४ बिटवर मुद्रण करताना बोलण्याची पातळी उणे १२ च्या आसपास ठेवून वर मोकळी जागा सोडता येते. काही यंत्रे त्याच वेळी कमी पातळीची दुसरी प्रतही करून ठेवतात; पहिली फाटली, तर दुसरी हाताशी असते. गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय मात्र बंदच ठेवावी. गुरुजी मंगलाष्टकाच्या दोन कडव्यांमध्ये श्वास घेतात, तेवढ्या वेळात ती सोय गेन वाढविते आणि मांडवातल्या पंख्याची घरघर उसळून वर येते.

गेल्या काही वर्षांत ३२ बिट फ्लोट नावाची पद्धत आटोपशीर यंत्रांत आली. साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री मालिकेतील दुसऱ्या पिढीने ती २०१९ मध्ये आणली, २०२२ मध्ये आलेल्या झूम एफ ३ वर तर गेनची कळच नाही, आणि २०२४ च्या झूम एच १ इसेन्शियलमुळे ती अगदी छोट्या यंत्रापर्यंत पोहोचली. बारीक आणि मोठा असे दोन्ही आवाज पेलण्यासाठी यात साधारणतः वेगवेगळ्या पातळीवर काम करणारे दोन परिवर्तक एकत्र वापरलेले असतात, आणि संकलनाच्या वेळी पातळी हवी तशी वर-खाली करता येते. एकट्याने कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळणाऱ्यासाठी हे वरदानच आहे. तथापि जाहिरातीत न सांगितली जाणारी मेख अशी, की माइकच ढोलाच्या दाबाखाली कोलमडला, तर पुढचे यंत्र काहीही करू शकत नाही. ३२ बिट फ्लोटमुळे चौकातला गोंगाटही तसूभर कमी होत नाही. ढोलासाठी जास्त दाब सोसणारा माइक आणि दोन पावले मागे उभे राहणे, हे दोन्ही उपाय अजून जुने झालेले नाहीत.

मुद्रणाचा वेग मात्र डोळे झाकून ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. व्हिडिओचे ते प्रमाण आहे. २४ बिटचे दोन ट्रॅक ताशी साधारण एक गिगाबाइट जागा घेतात, त्यामुळे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर तीसएक तास मावतात. कार्डाची चिंता आज कोणी करू नये.

टाळीचे महत्त्व

वेगळ्या यंत्रावर टिपलेला आवाज चित्राशी जुळवायचा कसा, या भीतीने अनेकजण ध्वनिमुद्रक घेण्याचेच टाळतात. यावर सर्वांत विश्वासू उपाय आजही एक टाळी हाच आहे. दोन्ही यंत्रे सुरू करून कॅमेऱ्यासमोर स्वच्छ टाळी वाजवायची. चित्रात हात भिडले ती चौकट आणि आवाजात उमटलेला उंचवटा एकावर एक ठेवायचा. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो, फायनल कट ही संकलनाची सॉफ्टवेअरे लाटांचे आकार पाहून हे काम स्वतःही करतात. त्यासाठी कॅमेऱ्याचा माइक चालू असायला हवा. तो आवाज वाईट असला तरी चालतो, पण तो हवा.

घोळ होतो तो लांबलचक कार्यक्रमांत. प्रत्येक यंत्राचे घड्याळ किंचित निराळे धावते. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक म्हटला तर नगण्य. पण तासाभरात तो ०.१८ सेकंदांचा होतो, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात साडेचार चौकटींचा. सुरुवातीला बरोबर जुळलेले कीर्तन उत्तररंगात ओठांपासून सुटलेले दिसते ते यामुळे. अर्ध्या तासाने पुन्हा टाळी वाजविणे किंवा संकलनात आवाजाचे तुकडे करून ते सरकविणे, हा साधा उपाय. नित्य अशी कामे करणाऱ्याने टाइमकोडची सोय असलेले यंत्र पाहावे. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे चौदा मीटरवरच्या माइकपर्यंत तो एक चौकट उशिरा पोहोचतो. मांडवाच्या शेवटच्या रांगेतून चित्रण करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

मंगल कार्यालयात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेण्याचा मोह सर्वांना होतो, आणि तो वावगाही नाही. मात्र मिक्सरमधून येणारा संकेत माइकच्या तुलनेत कित्येक पटींनी दांडगा असतो. ध्वनिमुद्रकाला ‘लाइन’ पातळी घेता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे. शिवाय त्या तारेवर फक्त माइकवरचे बोलणे येते. अंतरपाट दूर होतानाचा गलका, टाळ्या, आत्याबाईंचे हुंदके त्यात नसतात. त्यासाठी दुसरा माइक लागतोच. बिनतारी माइकचे संच सोयीचे खरे, पण त्यांतले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाचशे मोबाइल एकत्र आले, की हीच लहर गजबजते. रोडच्या वायरलेस गो टू किंवा डीजेआयच्या माइकप्रमाणे अंगावरच्या भागातच आवाज मुद्रित करून ठेवणारा संच असेल, तर संपर्क तुटला तरी शब्द वाचतात. गर्दीच्या कामात या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजावेत.

नाशिककरांसाठी हा विषय नजीकच्या काळात अधिकच निकडीचा आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये भरत आहे. रामकुंडावरची घोषणांची लाट, ध्वनिक्षेपकांवरून हरवलेल्यांची पुकारणी, साधूंचे शंख, गोदावरीच्या पाण्याचा आवाज हे सारे बारा वर्षांतून एकदाच ऐकायला मिळते. मोबाइलवर चित्रे कोट्यवधी निघतील. नीट ऐकू येईल असा आवाज मोजक्यांकडेच असेल. तिथे ऐन पावसाळा असणार, म्हणून यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण आणि माइकवर केसाळ टोपी दोन्ही हवेत. स्पंजची टोपी पंख्याचा वारा थोपविते, नदीकाठचा नाही. ओझरच्या धावपट्टीवरून उडालेले लढाऊ विमान आवाजाचा मार्ग कापून गेले, तर मात्र थांबून पुन्हा विचारणे, एवढेच हाती राहते.

आणि तयारीत राहावे असे निमित्त दर वेळी मेळ्याचेच असते असे नाही. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजातच डिजिटल टेपवर मुद्रित केल्या. त्या बायांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. त्यांचे आवाज २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. ज्या टेपवर ते टिपले गेले, ती पद्धत मात्र केव्हाच मागे पडली. सोनीने आपली डिजिटल टेपची शेवटची यंत्रे २००५ मध्येच बंद केली. टेपवरून फायलीत उतरविण्याचे काम कोणी वेळेवर केले नसते, तर ओव्या असूनही नसल्यासारख्याच झाल्या असत्या. म्हणून मुद्रण डब्ल्यूएव्ही या सर्वत्र चालणाऱ्या प्रकारातच करावे, एमपी थ्रीमध्ये नव्हे, आणि त्याच रात्री त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

यंत्र घेताना स्वतःचे हेडफोन आणि कार्ड बरोबर न्यावे. दुकानाच्या आत, दार लावून एक मिनिट शांतता मुद्रित करावी. मग बाहेर रस्त्यावर येऊन कोणाला तरी हातभर अंतरावरून पत्ता विचारावा. द्वारकेसारखा चौक जवळ असेल, तर याहून कठोर परीक्षा शोधायला नको. अंधारात, न बघता मुद्रणाची कळ सापडते का, मुद्रण सुरू असल्याचा लाल दिवा उन्हात दिसतो का, सेल बदलताना यंत्र तिपाईवरून काढावे लागते का, हे तिथेच पाहून घ्यावे. पुन्हा भरता येणारे सेल वापरायचे असतील, तर यंत्राच्या यादीत सेलचा तो प्रकार निवडावा लागतो. नाहीतर उरलेल्या विजेचा अंदाज चुकतो आणि यंत्र ऐन ‘सावधान’ला डोळे मिटते. जवळचा मोबाइल विमान-स्थितीत ठेवावा, अन्यथा त्याची टिर्रटिर्र माइकच्या तारेतून आत येऊ शकते. आणि मुद्रण सुरू होताच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव आधी आपल्या तोंडाने उच्चारावे. फाइलचे नाव बदलले, तरी तो आवाज आतच राहतो.